बालविवाह प्रतिबंध : यंत्रणा अनेक, मुलगी एक

अक्षय्य तृतीयेच्या आसपास जिल्हा वार्तापत्रांत एक बातमी हमखास येते. अमुक गावी अल्पवयीन मुलीचा विवाह होणार असल्याचा निनावी दूरध्वनी आला, पोलीस आणि महिला व बालविकास विभागाचे कर्मचारी मांडवात पोहोचले, पालकांकडून हमीपत्र लिहून घेतले आणि विवाह रोखला. बातमी येथे संपते. हळदीच्या अंगाने घरात परतलेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले, जूनमध्ये ती शाळेत गेली का, की पंधरवड्यानंतर मामाच्या गावी चार माणसांत पहाटेच तिला उजवून टाकले, याची बातमी होत नाही. तशी नोंदही बहुतेक वेळा कोणत्याच कार्यालयात नसते.

महाराष्ट्रात या प्रश्नासाठी कायद्याची वाण नाही आणि यंत्रणांचीही नाही. ग्रामपंचायत, अंगणवाडी, शाळा, आरोग्य केंद्र, पोलीस ठाणे, बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, न्यायालय अशा आठ-दहा कार्यालयांचा या मुलीशी संबंध येतो. प्रत्येक कार्यालय आपल्या वाट्याचे काम करते आणि आपली फाइल बंद करते. मुलगी मात्र कोणत्याच एका फाइलमध्ये पूर्ण मावत नाही. त्यामुळे या यंत्रणा एकमेकींना कशा जोडल्या आहेत, कोठे जोडलेल्या नाहीत आणि जोडायच्या तर कशा, हे नीट पाहणे आवश्यक ठरते.

कायद्याची वाटचाल

या विषयावरील सार्वजनिक वादाचा एक मोठा उगम मुंबईतच आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला आणि १८८४ पासून चाललेल्या त्यांच्या खटल्याने देशभर खळबळ उडवली. पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, १९२९ मध्ये सारडा कायद्याने विवाहासाठी मुलीचे वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले आणि १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ व २१ वर आले. मुलींचेही वय २१ करण्याचे विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले. पण २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही बाद झाले.

आज लागू आहे तो बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६. तो १ नोव्हेंबर २००७ पासून अमलात आला. त्यानुसार बालविवाह हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. अल्पवयीन मुलीशी लग्न करणारा सज्ञान पुरुष, लग्न लावणारा, त्याला साह्य करणारा आणि ते होऊ देणारे पालक या सर्वांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी वा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्त्रियांना मात्र या कायद्याखाली कारावास देता येत नाही. या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी वापरली जाणारी तरतूद १३ व्या कलमात आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

याच्या जोडीला बाल न्याय अधिनियम, २०१५ आहे. ज्या बालकाचा विवाह कायदेशीर वयाआधी होण्याचा धोका आहे, ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ होय, असे या अधिनियमाच्या व्याख्येतच म्हटले आहे. म्हणजे मांडवातील मुलगी ही केवळ एका गुन्ह्यातील साक्षीदार नसून तिच्या संगोपनाची जबाबदारी शासनावर येते. कागदावरील हा फरक लहान वाटतो; पण संयुक्त कामाचा सगळा पाया त्यावरच उभा आहे.

आकडेवारीकडेही एक नजर टाकायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण २६.३ टक्के होते. घट आहे, पण राज्याच्या सरासरीआड मराठवाडा झाकला जातो. बीड आणि परभणी जिल्ह्यांतील प्रमाण या सरासरीच्या खूप वर आहे.

गावातला अधिकारी

कायद्याने बालविवाह प्रतिबंध अधिकारी नेमण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. महाराष्ट्राने ग्रामीण भागात ती ग्रामसेवकाकडे दिली आणि अंगणवाडी सेविकेला त्याची साहाय्यक केले. शहरांत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे हे काम आहे. गावपातळीवरची ही रचना कागदावर निर्दोष आहे. ज्याला गावातील प्रत्येक घर ठाऊक आहे, त्याच्याच हाती अधिकार!

अडचणही नेमकी तेथेच आहे. ग्रामसेवकाकडे घरपट्टीपासून घरकुलापर्यंतची कामे असतात, अनेकदा एकाहून अधिक गावे असतात आणि ज्या सरपंचाबरोबर त्याला रोज काम करायचे, त्याचेच नाव लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत छापलेले असते. अंगणवाडी सेविकेची स्थिती याहून बिकट. ती त्याच गावची सून असते. ज्या घरातील लग्नाची खबर तिने द्यायची, त्या घरातील लहान मूल उद्या तिच्याच अंगणवाडीत यायचे असते. लग्न मोडल्यावर ‘कोणी कळवले’ याचा शोध गाव दोन दिवसांत लावते आणि संशयाची पहिली सुई तिच्याकडेच वळते. शासनाने तिला पद दिले, ते निभावण्यासाठी लागणारे संरक्षण दिले नाही, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच तिचा अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. ज्या गावांत तिची बैठक नियमित होते, तेथे लग्न ठरण्याच्या बोलणीतच गोष्ट कानावर येते आणि मांडव पडण्याआधी पालकांशी बोलता येते. समिती नुसती फलकावरच असलेली गावेही काही थोडी नाहीत.

दूरध्वनी ते मांडव

१०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईतून सुरू झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेत उभा राहिलेला चाइल्डलाइनचा तो उपक्रम दीर्घकाळ स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यावर चालला. २०२३ पासून केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली तो राज्यांच्या महिला व बालविकास विभागांकडे आला आणि ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडण्यात आला. क्रमांक तोच राहिला. कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहायला हवे. पण घटनास्थळी गेलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याने ‘तुमच्याच शेजारच्याने फोन केला’ असे सहज बोलून टाकले, तर त्या गावातून पुन्हा कोणी तो क्रमांक फिरवत नाही.

दूरध्वनी आल्यावर पहिला प्रश्न वयाचा. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, असे घरचे शपथेवर सांगतात आणि आधार कार्ड पुढे करतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार वय ठरवण्यासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला वा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. आधार कार्ड या यादीत नाही. म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर हाच निर्णायक पुरावा. आता पाहा : लग्नसराई मे महिन्यातली, शाळा उन्हाळी सुटीत बंद, रजिस्टर कपाटात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांबरोबर परगावी. मांडवात उभा असलेला फौजदार कितीही तत्पर असो, तासाभरात वय सिद्ध झाले नाही तर अक्षता पडतात. इयत्ता सातवीपासून पुढच्या मुलींच्या जन्मतारखांची यादी सुटीआधीच तालुक्याच्या प्रकल्प कार्यालयात द्यायची, एवढी व्यवस्था शिक्षण आणि बालविकास या दोन विभागांनी आपसांत केली तर हा पेच उरत नाही. त्यासाठी नव्या कायद्याची वा निधीची गरज नाही. एका पत्राची आहे.

मांडवात पोहोचल्यावरचे वर्तन हाही संयुक्त कामाचाच भाग आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असावा, असे कायदा सांगतो. त्याने, गणवेश न घालता, महिला कर्मचाऱ्याला बरोबर घेऊन मुलीशी वेगळे बोलावे, ही अपेक्षा आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा जीपगाडीभोवती गर्दी जमते, छायाचित्रे निघतात आणि ‘बालविवाह रोखला’ या शीर्षकाखाली ती सायंकाळपर्यंत सर्वत्र फिरतात. अशा बालकाची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, याचा विसर कामगिरीच्या उत्साहात खुद्द कारवाई करणाऱ्यांनाही पडतो.

हमीपत्र की मनाईहुकूम?

विवाह थांबवल्यावर पालकांकडून मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिचे लग्न करणार नाही, असे हमीपत्र घेण्याची प्रथा सार्वत्रिक झाली आहे. त्याचा उपयोग नाही असे नाही. अनेक पालक खरोखरच कायदा जाणत नसतात आणि एकदा समजावल्यावर थांबतात. परंतु ज्याने पाहुण्यांना मानपान कबूल केले, मांडवासाठी कर्ज काढले, त्याच्या दृष्टीने तो सही केलेला एक कागद असतो. हमीपत्र मोडून लग्न लावले तर गुन्हा होतो तो बालविवाहाचा. हमीपत्र मोडल्याने त्यात काही भर पडत नाही. लग्न झालेच, तर ते आपोआप रद्दही होत नाही.

कलम १३ चे महत्त्व येथे आहे. बालविवाह ठरला आहे वा होऊ घातला आहे, अशी खात्री पटल्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी मनाईहुकूम देऊ शकतात. त्यासाठी बालविवाह प्रतिबंध अधिकारी अर्ज करू शकतो, कोणीही नागरिक तक्रार करू शकतो आणि न्यायदंडाधिकारी स्वतःहूनही दखल घेऊ शकतात. तातडी असेल तर समोरच्या पक्षाला नोटीस न देताही अंतरिम हुकूम निघतो. या हुकमाचा भंग करून लागलेला विवाह कलम १४ नुसार मुळातच निरर्थक ठरतो. अन्यथा आपल्याकडे बालविवाह सर्वसाधारणपणे वैध राहतो आणि केवळ त्या बालवधूने वा बालवराने मागणी केल्यासच रद्द होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या हुकमाचे मोल कळते. कर्नाटकाने २०१६ च्या आपल्या दुरुस्तीने प्रत्येक बालविवाहच मुळातून निरर्थक ठरवला. सीमेपलीकडच्या ऊसपट्ट्यात लागणाऱ्या लग्नांचा विचार करता मराठवाड्यातील अधिकाऱ्यांना ही तरतूद ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

मग मनाईहुकूम मागितले का जात नाहीत? ग्रामसेवकाने तालुक्याच्या न्यायालयात अर्ज कसा करायचा, हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि सरकारी अभियोक्त्याच्या कामांच्या यादीत हा विषय नसतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य काम करणारे वकील असतात. पण प्राधिकरणाला कळवायचे कोणी, हे ठरलेले नसते. तीन कार्यालयांमधील एक रिकामी जागा, आणि त्या जागेत कायद्यातील सर्वांत धारदार हत्यार गंजत पडते.

बालकल्याण समितीपुढे

विवाह रोखल्यानंतर मुलीला चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, बालकल्याण समितीपुढे आणायचे असते. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे अधिकार आहेत. समाजसेवकाकडून चौकशी अहवाल मागवून मुलीला पालकांकडे सोपवायचे, देखरेखीखाली सोपवायचे, की बालगृहात ठेवायचे, हे समिती ठरवते.

बालगृहात ठेवणे हा सोपा उपाय वाटतो. मुलीला तो बहुधा शिक्षेसारखा भासतो. लग्न थांबले म्हणून घर सुटले, अशी तिची समजूत झाली तर पुढच्या वेळी ती स्वतःच काही सांगणार नाही. म्हणून बहुतांश मुली घरी परत जातात आणि तेच योग्यही आहे. प्रश्न असतो देखरेखीचा. समितीच्या आदेशात ‘देखरेखीखाली’ हा शब्द असतो; ती करणारा संरक्षण अधिकारी वा समाजसेवक जिल्हा बाल संरक्षण कक्षात बसतो, गाव तेथून साठ-सत्तर किलोमीटरवर असते आणि त्याच्याकडे सगळा जिल्हा असतो. गावातील आशा, शिक्षक, पोलीस पाटील यांना समितीच्या आदेशाची प्रत जातच नाही. ज्यांना ती मुलगी रोज दिसते, त्यांना तिच्यावर लक्ष ठेवायचे आहे हे माहीत नसते. ज्यांना माहीत असते, त्यांना ती दिसत नाही.

दवाखान्याच्या दारात

यंत्रणांचा मेळ नसण्याचे दुष्परिणाम सर्वांत तीव्र कोठे होत असतील तर ते आरोग्य केंद्रात. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरला. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजेच पोक्सो, तर अशा गुन्ह्याची माहिती मिळताच ती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक करतो. न कळवणे हाच गुन्हा. त्यामुळे सतरा वर्षांची गरोदर मुलगी तपासणीला आली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, पतीला अटक होते आणि कधी दोन्हीकडचे पालकही गोवले जातात.

कायद्याचा हेतू योग्य आहे. परंतु वस्तीवर ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरते आणि मग दुसरी मुलगी दवाखान्यातच येत नाही. आली तर वय एकोणीस सांगते. लवकर गर्भारपण, रक्तक्षय आणि कमी वजनाचे मूल ही ज्या मुलीची जोखीम, तीच तपासणीपासून दूर राहते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना तिची ओळख कळवण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. तो दिलासा गर्भपातापुरता आहे. गर्भ वाढवणाऱ्या मुलीबाबत डॉक्टर, पोलीस आणि बालकल्याण समिती यांनी आपसांत बोलून वागले नाही, तर उपचार आणि कारवाई एकमेकांच्या आड येतात. पोलिसांनी चोवीस तासांत समितीला कळवायचे आणि समितीने मुलीसाठी साहाय्यक व्यक्ती द्यायची, ही पोक्सोखालील व्यवस्था यासाठीच आहे. ही व्यक्ती प्रसूती होईपर्यंत बरोबर राहिली, तरच गुन्हा नोंदवणे म्हणजे मुलीला वाऱ्यावर सोडणे ठरत नाही.

कोयत्याचे गणित

मराठवाड्यातील बालविवाहांचा विचार ऊसतोडीवाचून होऊ शकत नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि परिसरातून मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट भागातील कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुलाचे लग्न लावले की घरात एक कोयता वाढतो आणि उचलही वाढते. दुसरीकडे, वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची आणि फडावरच्या कोपीत तिला कशी सांभाळायची, या चिंतेने आईबाप तिला दिवाळीआधी उजवतात. त्यांना केवळ कायद्याचा धाक घालून भागत नाही. सहा महिने मुलगी कोठे राहील, याचे उत्तर द्यावे लागते.

ते उत्तर शासनाकडे आहे, पण दुसऱ्याच विभागांत. शिक्षण विभागाची हंगामी वसतिगृहे आहेत; सामाजिक न्याय विभागाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. बालकल्याण समितीने एप्रिलमध्ये घरी पाठवलेल्या मुलीचे नाव ऑक्टोबरमध्ये या वसतिगृहांच्या प्रवेशयादीत सर्वांत वर असायला हवे. ते असण्यासाठी दोन विभागांच्या याद्या एका टेबलावर याव्या लागतात. तशा त्या येत नाहीत, कारण एका यादीचे वर्ष लग्नसराईचे आणि दुसरीचे वर्ष शाळेचे.

कारखान्याकडेही माहिती असते. टोळीची नावे शेतकी विभागाकडे नोंदलेली असतात आणि फडावरचा चिटबॉय प्रत्येक कोयत्याला ओळखतो. नव्या जोडप्याच्या वयाचा दाखला करार करतानाच मागितला, तर लहान वयाच्या सुनेचे आर्थिक आकर्षण काही अंशी तरी ओसरेल. मात्र कामगार आणि साखर विभागांना या विषयाच्या बैठकीला बोलावल्याचे क्वचितच ऐकू येते. बालविवाह हा त्यांच्या लेखी ‘महिला-बालकल्याणचा विषय’ असतो.

जोडणी कशी करावी

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात राज्यांना जिल्हा पातळीवर केवळ बालविवाह प्रतिबंधाचेच काम पाहणारे अधिकारी नेमण्यास सांगितले आणि खटल्यांपेक्षा प्रतिबंधावर भर दिला. इतर कामांच्या ओझ्याखाली दबलेला अधिकारी हे काम करू शकत नाही, हे जे गावोगावचे लोक वर्षानुवर्षे सांगत होते, त्याला न्यायालयाची मोहोर मिळाली. पण नवा अधिकारी म्हणजे आणखी एक कार्यालय आणि आणखी एक फाइल, असे व्हायला नको असेल तर त्याच्याभोवतीची कार्यपद्धती आधी ठरायला हवी.

माझ्या मते तिचा गाभा एक नोंदवही असावी. जिल्हा बाल संरक्षण कक्षात ठेवलेली, रोखलेल्या प्रत्येक विवाहाची. मुलीपुढे एकाच समाजसेवकाचे नाव. तो बदलला तर नव्याचे. कळवणाऱ्याचे नाव या वहीत कोठेही नको. भेटीच्या तारखा कार्यालयाच्या सोयीने नव्हे, तर धोक्याच्या वेळा पाहून ठरवायच्या : विवाह रोखल्यानंतरचा पहिला आठवडा, कारण मूळ तिथीनंतरच्या मुहूर्तांवर चोरून लग्न लागते; शाळा उघडण्याचा दिवस; टोळ्या निघण्याआधीचा पंधरवडा; आणि पाडवा. यांपैकी एखाद्या वेळी मुलगी गावात नसेल तर ती कोठे आहे हे शोधण्याची जबाबदारी त्याच समाजसेवकाची, आणि ती दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तेथील बालकल्याण समितीला कळवण्याचीही त्याचीच.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बैठका होतातच. २०२१ च्या दुरुस्तीने बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समितीच्या कामावर देखरेखीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. शिवाय अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी तेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी मानले जातात. त्या बैठकीत ‘किती विवाह रोखले’ हा आकडा वाचला जातो. त्याऐवजी गेल्या वर्षी रोखलेल्या विवाहांतील किती मुली आज शाळेत वा वसतिगृहात आहेत, हा एकच प्रश्न विचारला तर उपस्थित अधिकाऱ्यांना परस्परांशी बोलावेच लागेल. शिक्षणाधिकाऱ्याला उत्तर माहीत असते ते पटाचे, आरोग्य अधिकाऱ्याला गरोदर मातांच्या नोंदीचे, पोलिसांना गुन्ह्याचे. तिन्ही उत्तरे एकत्र आल्याशिवाय त्या एका प्रश्नाचे उत्तर निघत नाही.

विवाह रोखता आलाच नाही, तरी या यंत्रणांचे काम संपलेले नसते. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत, म्हणजे मुलीला विसाव्या वर्षापर्यंत, जिल्हा न्यायालयात अर्ज करून विवाह रद्द करून घेता येतो. ती अल्पवयीन असेल तर पालक वा ‘वादमित्र’ यांनी बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्यासह हा अर्ज करायचा असतो. विवाह रद्द करताना न्यायालय पुनर्विवाहापर्यंतची पोटगी आणि निवासाची सोय यांचे आदेश देऊ शकते आणि अशा विवाहातून झालेले मूल औरसच राहते. ही माहिती त्या मुलीपर्यंत पोहोचवणारे माणूस बहुतेक वेळा एकच असते : बाळाला लस टोचायला पाड्यावर आलेली आरोग्यसेविका. तिच्या प्रशिक्षणात हा विषय आजही अभावानेच असतो.